सासऱ्याला उपाशी ठेवणारी

मी चिखलीत सून होऊन आले तेव्हा आमच्या घराची ऐपत गाव दोन गोष्टींवरून ओळखायचं. एक, गोठ्यातल्या दोन म्हशी. दुसरं, मामंजींचं पोट.

सासूबाई नव्हत्या, माझ्या लग्नाआधी दोन वर्षं गेल्या होत्या. घरात मामंजी, आमचे हे आणि मी. हे पिंपरीच्या औषधांच्या कारखान्यात लागले होते, तो तेव्हा नवाच निघाला होता. शिफ्ट असेल तसे सायकलवर जात, सायकलवर येत. पोराचा पगार सुरू झाला तसं मामंजींनी शेत वाट्यानं दिलं आणि पारावर जाऊन बसले. उभा जन्म मोट हाकलेला माणूस. मोट सुटली, पण खाणं मोटेचंच राहिलं. सकाळी सायीसकट दूध, दुपारी भातावर तुपाची धार, बाजारच्या दिवशी चाकणची जिलबी, आणि तीही घरी पोचेपर्यंत अर्धी झालेली. चार वर्षांत पोट असं पुढं आलं की स्वतःच्या धोतराची गाठ त्यांना दिसेना. याची घरात कुणाला लाज नव्हती. उलट ते पोटावरून हात फिरवत पाव्हण्यांना सांगत, "पोरगं कमावतंय, ही त्याची पावती."

मग गुडघे धरले. घरापासून पारापर्यंत जाताना दोनदा बसायला लागायचं, आणि पोचल्यावर बोलण्याइतका दम उरायचा नाही. न बोलता पारावर बसायचं तर पारावर जायचंच कशाला? तेव्हा कुठे ते दवाखान्यात यायला तयार झाले.

पिंपरीला निर्वासितांच्या छावणीत एक सिंधी डॉक्टर होते. मीही गेले, कारण माझ्या दंडावर गळू झालं होतं. डॉक्टरांनी माझं गळू दोन मिनिटांत उरकलं आणि मामंजींना काट्यावर उभं केलं. दोनशे सोळा रत्तल. रत्तल म्हणजे आजच्या अर्ध्या किलोला थोडं कमी. डॉक्टर खाली वाकून त्यांच्या गुडघ्यांकडे बघत म्हणाले, "बाबा, इस घुटने पे दो आदमी खड़े हैं. एक को उतारो."

मामंजींना हिंदी फारसं कळत नव्हतं, पण हे नेमकं कळलं, आणि लागलं. घरी आले ते जेवण सोडूनच बसले. श्रावण तोंडावर होता. सोमवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, चतुर्थी-एकादशी तर होत्याच. उरलेल्या दिवशी नुसता चहा. आणि उपासाला काय, तर शेंगदाण्याचं कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी आणि गुळात घोळवलेली रताळी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ती हीच. तीन दिवस उपाशी, चौथ्या दिवशी परातभर. महिनाअखेरीला गोठ्यात त्यांना घेरी आली. म्हशीची पाठ हाताशी होती म्हणून पडले नाहीत.

पुन्हा दवाखाना. काटा जागचा हलला नव्हता. डॉक्टर भडकले, पण मामंजींवर नाही, माझ्यावर. "बेटी, तू इनको खाना क्यूँ नहीं देती?" मी गोरीमोरी झाले. मग जरा शांत होऊन त्यांनी ह्यांना समजावून सांगितलं आणि ह्यांनी वाटेत मला. उपाशी ठेवायचं नाही. पोट भरलं पाहिजे, अंगात ताकद राहिली पाहिजे, चरबी तेवढी गेली पाहिजे. खाणं कमी करायचं नाही, बदलायचं.

मला हसूच आलं. माझं माहेर नगरकडचं, पाण्याची बोंब असलेलं. तूप-साखर नसताना घरादाराची पोटं तुडुंब कशी भरायची, हे आमच्याकडे पोरींना वेगळं शिकवावं लागत नाही. ज्या विद्येची मला सासरी लाज वाटायची तीच डॉक्टरांनी मागितली होती. घरी आल्यावर मी पदर खोचला आणि सांगितलं, "मामंजी, उद्यापासून उपास बंद."

"आन् खाऊ काय?"

"पोटभर."

सकाळी बाजरीची भाकरी ताकात कुस्करून, बरोबर कांदा. साय माझ्या ताब्यात. दहाच्या सुमाराला वाळूक, नाहीतर मुळा, गाजर. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ आणि ताटात डोंगर होईल एवढी पालेभाजी: कधी तांदुळजा, कधी घोळ, कधी चिवळ. तेल पळीनं पडायचं ते चमच्यावर आलं. तूपही एक चमचा ठेवलं, कारण तूप बंद म्हटल्यावर त्यांचे डोळे भरून आले होते आणि मला ते बघवेना. दिवस कलताना मूठभर फुटाणे, कोंबडी घालेल त्या दिवशी उकडलेलं अंडं. रात्री हुलग्याचे शेंगोळे, पातळ रश्शातले, लसूण सढळ हातानं.

पहिल्या दिवशी ताट बघून म्हणाले, "सूनबाई, ही भाजी हाय का वैरण? ती म्हस बघ, कशी बघाया लागलीय माझ्याकडं. तिच्या तोंडचा घास मी खातोय."

"म्हशीला मी लसणाची फोडणी देत नाही," मी म्हटलं. मला उलट बोलायची खोड आहे, ती सासरी येऊनही गेली नव्हती.

त्यांना चालवायचं कसं हाही प्रश्न होताच. "फिरून या" म्हटलं असतं तर पारापर्यंत गेले असते. म्हणून मी साळसूदपणे म्हणायची, "मामंजी, इथली घोळ मला ओळखता येत नाही, आमच्याकडची निराळी असते." घोळ सगळीकडे सारखीच असते. पण ते काठी घेऊन बांधावर जायचे, धोतराच्या सोग्यात भाजी भरून आणायचे आणि मला अर्धा तास शिकवायचे. मी दर दोन दिवसांनी विसरायची.

पंधरा दिवसांत कुरकुर संपली. पोट भरत होतं, झोप लागत होती, घेरी नव्हती. महिन्याभरात ते शेंगोळ्यांची दुसरी वाढी आपणहून मागायला लागले. मी दिवसभर चुलीपुढे. इतका स्वयंपाक मी पुढे चार लेकरांचाही केला नाही.

आणि मामंजी उतरायला लागले. दिवाळीपर्यंत गालांची फुगोटी गेली, बंडी अंगावर लोंबायला लागली, एक दिवस धोतराची गाठ दिसली तेव्हा त्यांनी मला हाक मारून दाखवली. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो.

गाव मात्र हसत नव्हतं. त्या काळी माणूस बारीक झाला म्हणजे तीनच कारणं असायची: क्षय, काळजी किंवा सून. मामंजींना खोकला नव्हता आणि काळजी करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. उरले मी. विहिरीवर बायका माझ्याकडे पाठ करून, पण मला ऐकू येईल इतपत बोलायच्या.

"दुष्काळातली पोर. हात आखडताच असायचा."

"पाला घालती सासऱ्याला. म्या सोता बघितलं, बिचारा बांधावनं खुडून आणत हुता."

"सासू असती तर ही येळ आली नसती."

मी एकदा कळशी आपटून म्हटलं, "या की घरी, बसा त्यांच्या शेजारी, बघा काय खातात ते!" सगळ्या आपापल्या कळश्या भरायला लागल्या, आणि मी पाठ वळवल्यावर पुन्हा सुरू झाल्या. हे म्हणाले, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार. मी ह्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. मामंजींनी पारावर खरं सांगून बघितलं, "अरं, मी दिसातनं पाच बारी खातोय!" तर लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे: काय गरीब सोभावाचं माणूस, सुनेचं झाकतंय. ते जितकं माझं कौतुक करायचे तितकी माझी बदनामी व्हायची.

ही बातमी तिखटमीठ लावून नदीपलीकडे कुरुळीला गेली. तिथे माझी नणंद दिलेली होती, ह्यांच्याहून चार वर्षांनी मोठी, अंगानं भरलेली आणि आवाजानं त्याहून. मार्गशीर्षात एका सकाळी तिची बैलगाडी दारात येऊन उभी राहिली. हे पहिल्या शिफ्टला गेलेले. मामंजी अंगणात ऊन खात बसले होते. वन्संनी त्यांना पाहिलं आणि मोठ्यानं रडायलाच लागल्या, "आबा, काय दशा झाली वो तुमची!"

मी पाणी घेऊन गेले. तांब्याला त्यांनी हात लावला नाही. "वैनी," त्या म्हणाल्या, "माझ्या आईनं या दारातनं भिकाऱ्याला बी उपाशी धाडलं न्हाई." एवढं एकच वाक्य. विहिरीवरच्या सगळ्या बायकांनी मिळून महिनाभरात केलं नव्हतं ते त्या वाक्यानं केलं. एरवी उलट बोलणाऱ्या मी मान खाली घालून तांब्या मागं घेतला.

"आबांना मी घिऊन जाते. चार म्हैनं माझ्याकडं ऱ्हातील."

याचा अर्थ काय ते अंगणातल्या आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. लेकीच्या घरचं पाणी न पिणारी ती पिढी. तो बाप लेकीच्या दारात जेवायला जाऊन राहिला, तर सुनेनं हाकलला म्हणूनच. ते नाव मग मरेपर्यंत पुसलं जायचं नाही, माझ्या लेकरांच्या लग्नात निघालं असतं. मामंजी म्हणाले, "अगं, जेवून तर जा, मी काय खातो ते बघ." वन्सं म्हणाल्या, "मला दाखवायचं जेवान नगं." आणि पुन्हा रडू. रडणाऱ्या लेकीपुढे मामंजींचं कधीच काही चालायचं नाही. ते माझ्याकडे बघत उठले. मी आत गेले, त्यांची दोन धोतरं बांधली. गाठी रागानं करकचून मारल्या. तरी पाच भाकरी, कांदा आणि घोळीची भाजी फडक्यात बांधली, कारण कुरुळी लांब, आणि दहा वाजता त्यांना भूक लागायचीच.

गेल्या खेपेला, जत्रेला जाताना, याच गाडीत त्यांना चढवताना दोन गड्यांनी खालून रेटा दिला होता आणि वन्संनी वरून ओढलं होतं, तरी बैल दोनदा पुढे सरकले होते. त्या सवयीनं वन्संनी गाडीवानाला हाक दिली, "आरं, आबांना हात दे." तो बैलांना वळसा घालून येईपर्यंत मामंजींनी चाकाच्या तुंब्यावर एक पाय ठेवला, साट्याच्या कडेला धरलं आणि वर चढून बसलेसुद्धा. धाप नाही, काही नाही. "चला," म्हणाले.

वन्सं बघतच राहिल्या.

"आबा, उतरा."

ते उतरले. "का गं?"

"परत चढा."

ते परत चढले.

"आन् गुडघं?"

"हायती की. जागच्या जागी हायती."

वन्संनी आल्यापासून पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "काय खाया घालतीस गं तू त्यांना?"

"वैरण," मी म्हटलं. राग अजून उतरला नव्हता. मामंजी इतके हसले की गाडी हलायला लागली. वन्संनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, सोडलं, पाच भाकरी वरखाली करून बघितल्या. "येवढं कशाला?"

"कुरुळीपर्यंत पुरायचं नाही, वन्सं," मी म्हटलं, आणि मग मात्र मला रडू आवरेना.

त्यांनी मला जवळबिवळ घेतलं नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, मला गाडीत बसवलं, आपण कशाबशा बसल्या आणि गाडीवानाला म्हणाल्या, "हिरीवर घे."

विहिरीवर भर पाण्याची वेळ. गाडी थांबली. "आबा, उतरा. आता चढा." बायका कळश्या धरून उभ्या. तिथून पारावर. "उतरा. चढा." तिथून मारुतीच्या देवळापुढे. मामंजी म्हणाले, "अगं, मी काय दरवेशाचं अस्वल हाय का?" पण त्यांना ते आवडत होतं, मिशीखाली हसू मावत नव्हतं. तिसऱ्यांदा चढल्यावर म्हणाले, "सूनबाई, भूक लागली." मी डोईवरचा पदर पुढे ओढला आणि सगळ्या गावासमोर त्यांना वाढलं. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या, कांदा बुक्कीनं फोडून.

कुरुळीला जायचं राहिलंच. दुपारी वन्सं माझ्या स्वयंपाकघरात जेवल्या. भाजीत मीठ कमी आहे म्हणाल्या. दोनदा वाढून घेतली. (मामंजींचे पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या चाळीसपैकी तीस रत्तल उतरले. उरलेले दहा त्यांनी म्हातारपणासाठी ठेवले.)

दिवस मावळायच्या आत त्या निघाल्या. गाडीत चढताना अडल्या, तेव्हा खालून रेटा मामंजींनी आणि मी मिळून दिला. वर बसल्यावर त्यांनी गाडीवानाला जरा थांबायला सांगितलं.

सासूबाई गेल्यापासून वन्सं माहेरपणाला आल्या नव्हत्या. येत, उभ्या उभ्या बापाला भेटत आणि जात. आई नसलेल्या घरात बाई चार दिवस पाय पसरून बसत नाही. हे मला ठाऊक होतं, पण ते माझ्याशी कधी जोडलेलं नव्हतं. त्या गाडीतून खाली वाकल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, त्यांच्या मानानं अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "वैनी, संक्रांतीनंतर माहेरपणाला येऊ का? म्हैनाभर ऱ्हाईन. घालशील न्हवं मला खाया?"