मामांची बगलेतली फ्रेम

सरकारी नियम जन्माला येण्याआधीच तो पाळायला लागणारा माणूस अख्ख्या बडोद्यात एकच आहे, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा, माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. सुभानपुऱ्यात त्यांचं औषधांचं दुकान होतं. नवा नियम आला की बाकीचे दुकानदार आधी त्यातून निसटायची वाट शोधत. मामांचा चेहरा मात्र घरात पाळणा हलल्यासारखा व्हायचा. औषधविक्रीबद्दल राज्याचं काही परिपत्रक निघालं की ते दोनदा स्वतः वाचायचे आणि तिसऱ्यांदा मामींना वाचून दाखवायचे. मामी भाजी निवडत ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "ह्यात माझ्यासाठी काय आहे?"

"जनहित," मामा म्हणायचे.

"मग जनाला वाचून दाखवा. मला कोथिंबीर आणून द्या."

मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात आहे. नियम, शिक्के, सह्या यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो, त्यामुळे मला त्यांचं प्रेम वगैरे अजिबात नाही. नियम म्हणजे रस्त्यावरचा स्पीडब्रेकर. गाडी हळू करायची, पार करायचा, विसरायचं. मामा त्या स्पीडब्रेकरवर थांबून तो नीट बांधला आहे का ते बघणाऱ्यांपैकी. सरकार एखाद्या नियमाचा मसुदा काढतं आणि लोकांकडून सूचना-हरकती मागवतं. अशा हरकती खरोखर पाठवणारा माणूस मी त्यांच्याशिवाय पाहिलेला नाही. बरं, हरकत पाठवून स्वस्थ बसावं, तर तेही नाही. उत्तर येण्याची वाट न पाहता ते मसुदा पाळायला सुरुवात करायचे. एकदा अशाच कुठल्या मसुद्यात होतं, की औषध कसं घ्यायचं हे गिऱ्हाइकाला समजावून सांगायला दुकानात वेगळी, आडोशाची जागा असावी. मामांनी दुसऱ्याच दिवशी खोक्यांची थप्पी हलवून कोपरा मोकळा केला, मामींचा एक जुना पडदा टांगला आणि मागे दोन स्टुलं ठेवली. तो मसुदा पुढे कुठे गेला कुणाला ठाऊक, पण पडदा राहिला. सुभानपुऱ्यातल्या बायकांना आयुष्यात पहिल्यांदा पडदा असलेलं, फी नसलेलं आणि मधे न बोलणारं ठिकाण मिळालं. त्या गोळी जेवणाआधी की नंतर हे विचारायला आत जायच्या आणि सुनेचं सगळं सांगून बाहेर यायच्या. मामा गंभीरपणे ऐकून घेऊन म्हणायचे, "बेन, सुनेचं ठीक आहे, पण ही गोळी दुधाबरोबर घेऊ नका."

पण मामांची खरी कीर्ती पसरली ती फ्रेममुळे. नोंदणी असलेला फार्मासिस्ट दुकानात स्वतः हजर असल्याशिवाय औषध द्यायचं नाही, आणि त्याचं नोंदणी प्रमाणपत्र लोकांना दिसेल असं लावायचं, हे सगळ्यांनाच माहीत असतं. बहुतेक ठिकाणी प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि ज्याचं आहे तो माणूस दुसरीकडेच कुठेतरी नोकरी करत असतो. मामांनी त्यातून स्वतःचा एक अर्थ काढला. भिंतीवरचं प्रमाणपत्र म्हणजे 'मी इथे आहे' असं लोकांना दिलेलं वचन. मग मी इथे नसेन, तर ते भिंतीवर कसं राहील? म्हणून दुकानातून बाहेर पडताना ते खिळ्यावरून फ्रेम काढायचे आणि बगलेत मारून निघायचे. जेवायला घरी जाताना फ्रेम. बँकेत फ्रेम. बाथरूमला जाताना नेत नसत, एवढीच सवलत. तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून उलटी टांगायची. ती उलटी असेपर्यंत त्यांच्याकडे कामाला असलेले जयेशभाई काउंटरमागे दोन्ही हात पाठीशी बांधून उभे राहायचे. नुसती तापाची गोळी हवी असलेलं गिऱ्हाईक घाई करायचं, "जयेशभाई, आपो ने जलदी, खाली तावनी गोळी छे!" जयेशभाई शांतपणे मान हलवायचे, "साहेब बाथरूम गया छे. बेसो." एवढा गाजावाजा करून बाथरूमला जाणारा दुसरा माणूस मला माहीत नाही.

माझ्या पुतणीच्या लग्नालाही फ्रेम आली. मामांनी ती हॉलमध्ये आहेराच्या टेबलाशेजारच्या खुर्चीवर उभी करून ठेवली आणि पंगतीत वाढायला गेले. मुलाकडच्या एका भाविक आजींनी लांबून पाहिलं. चौकट, काच, आत कोपऱ्यात एका गृहस्थांचा छोटा फोटो. त्यांना वाटलं, घरातलं कुणी गेलेलं असावं, आशीर्वादाला आणून ठेवलंय. त्यांनी केसातला गजरा काढून काचेवर घातला आणि हात जोडले. मामा श्रीखंडाचं पातेलं घेऊन परतले तर स्वतःला हार. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. मामांनी पातेलं खाली ठेवलं, आजींना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, मी अजून हजर आहे. श्रीखंड वाढू?"

हसण्यासारखं पुष्कळ होतं, पण ह्या माणसाच्या दुकानातून औषध घेताना मला कधी विचार करावा लागला नाही, हेही खरं. एकदा माझा घसा बसला होता, कारखान्यात ऑडिट चालू होतं, डॉक्टरकडे जायला वेळ नव्हता. मागच्या खेपेला दिलं होतं तेच अँटिबायोटिक द्या म्हणून मी दुकानात गेले. मामा म्हणाले, "चिठ्ठी?"

"मामा, मी आहे!"

"तू आहेस ते दिसतंय, सूनबाई. चिठ्ठी दिसत नाहीये."

मी तणतणत डॉक्टरकडे गेले, तासभर बसले. त्यांनी नेमकं तेच औषध लिहून दिलं. ती चिठ्ठी मी काउंटरवर आपटली. मामांनी ती प्रेमाने वाचली, औषध काढलं, मला पडद्यामागे नेऊन बसवलं आणि पूर्ण कोर्स का संपवायचा हे असं समजावलं, जणू मी आयुष्यात पहिल्यांदाच गोळी बघत होते. मी रागाने कोर्स पूर्ण केला. कोयलीच्या रिफायनरीतून रात्रपाळी संपवून येणारी माणसं झोपेची गोळी मागायची, त्यांनाही हेच. बिनचिठ्ठीचं कुणालाच मिळायचं नाही, पण कुणाला हाकलूनही लावलं जायचं नाही. स्टूल असायचं.

पुढे राज्यात तपासणी कडक झाली. फार्मासिस्ट हजर नसेल तर दुकानावर कारवाई, नोंदणी चालू ठेवायची तर उजळणीचे वर्ग, असा सगळा धडाका सुरू झाला. गावभर पळापळ झाली. मामांच्या दुकानात दिवाळी. उजळणीच्या वर्गात नातवंडांच्या वयाची मुलं मागच्या बाकांवर मोबाईल बघत बसलेली, आणि मामा पहिल्या रांगेत, बगलेत फ्रेम. जेवणाच्या सुट्टीत व्याख्याते सटकायला बघायचे, तर हे शंका विचारायला दारात उभे. त्याच सुमारास चौकात एक मोठं झगझगीत औषधांचं दुकान उघडत होतं. त्याचे मालक मामांकडे पेढे घेऊन आले. "काका, तुम्ही थकला असाल. यायचं नाही, उभं राहायचं नाही. फक्त प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर. घरबसल्या पगार."

मामांनी एक पेढा खाल्ला. "म्हणजे मी तुमच्या भिंतीवर असणार आणि घरी सोफ्यावरही असणार?"

"हा, काका! एमां शुं? त्यात काय एवढं!"

"मग बायको विचारेल, ह्यातला खरा कुठला. मी काय सांगू?"

तपासणीला अधिकारी आले तेव्हा मामा नेमके बाथरूममध्ये होते. फ्रेम उलटी, जयेशभाईंचे हात पाठीशी. अधिकाऱ्यांनी आपण कोण ते सांगितलं. जयेशभाई म्हणाले, "बेसो." ते बसले. मामा आले, हात पुसले, फ्रेम सरळ केली आणि मग नमस्कार केला. ते अधिकारी पुढे त्या भागात आले की चहाला थांबायचे, कारण, त्यांच्याच शब्दांत, "आखा दिवसमां एक जग्याए तो शांति मळे."

हे असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या वर्षी एका दुपारी मामा स्कूटरवरून आमच्याकडे आले. बगलेत फ्रेम, हेल्मेट न काढताच थेट सासूबाईंच्या खोलीत गेले. "ताई, सकाळी पाठवलेली ब्लडप्रेशरची गोळी घेतलीस?" सासूबाई म्हणाल्या, जुनीच अजून शिल्लक आहे, नवी पट्टी उघडलीसुद्धा नाही. मामांनी ती पट्टी मागून घेतली, खिडकीशी नेऊन वाचली आणि खुर्चीत बसले. गोळी तीच होती, पण दुप्पट ताकदीची. दोन्ही पट्ट्या अगदी सारख्या दिसणाऱ्या. दुपारी माल लावताना त्यांच्या लक्षात आलं होतं. काहीच झालं नव्हतं. सासूबाईंनी तर "एवढ्यासाठी उन्हात आलास, वेडा आहेस" म्हणून पन्हं दिलं. ते मामांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

डोळ्यांच्या पडद्याचा त्रास काही महिन्यांपासून होता, हे तेव्हा कळलं. डॉक्टरांनी सांगितलं, आहे तेवढी नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही. मी माझ्या पद्धतीने उपाय काढले. काउंटरवर मोठा दिवा, भिंग, जयेशभाईंनी प्रत्येक पट्टी मोठ्याने वाचायची. मामांनी सगळं करून पाहिलं. मग एके दिवशी ते म्हणाले, "सूनबाई, मी सगळे नियम परत वाचले. ह्या धंद्यात कुठे थांबायचं ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? शिक्षण किती हवं ते आहे. दुकान केवढं हवं ते आहे. फ्रिज हवा, हेसुद्धा आहे. काउंटरमागे उभ्या माणसाला पट्टीवरचं दिसतंय का, हे विचारणारं कुणी नाही. वर्ग केले, फी भरली की नोंदणी चालू."

त्यांनी त्या चहाच्या अधिकाऱ्यांनाही विचारलं. ते हसले, "काका, तुम्ही तर आमचं मॉडेल दुकान! चलावो ने, कोण विचारतंय?" मामांना नेमकं तेच खटकलं. कोणी तरी विचारायला हवं होतं. त्यांनी राज्याकडे सूचना पाठवली, की नोंदणीचं नूतनीकरण करताना डोळे तपासावेत. सवयीप्रमाणे उत्तर आलं नाही. आणि सवयीप्रमाणे मामांनी उत्तराची वाट पाहिली नाही. आपला मसुदा त्यांनी स्वतःला लागू केला आणि दुकान सोडायचं ठरवलं.

मामी पहिल्यांदाच चिडल्या. "अहो, सगळं गाव नियम असून पाळत नाही, आणि तुम्ही नसलेला पाळताय?"

"आजवर दुसऱ्यांनी केलेले पाळले. एक माझा पाळू दे."

ह्यावर मामींनी कोथिंबीरसुद्धा मागितली नाही.

दुकान बंद पडलं नाही. एका कंपनीतली नोकरी सोडून आलेल्या हेतल नावाच्या फार्मासिस्ट मुलीने ते घेतलं. नवं लायसन्स, तपासणी हे सगळं होईपर्यंत शटर खाली होतं. उघडलं त्या दिवशी मी अर्धी रजा काढून गेले. हेतलने आपली फ्रेम मामांच्याच खिळ्याला टांगली. मामांनी दोन पावलं मागे जाऊन ती सरळ आहे का ते पाहिलं. दिसलं किती ते माहीत नाही. "काका, रोज येऊन बसा ना," हेतल म्हणाली. "पडद्यामागे तुमचं स्टूल तसंच ठेवलंय. बायका तुम्हालाच विचारतात."

"सल्ला फार्मासिस्टने द्यायचा," मामा म्हणाले. "तू बस." मग जयेशभाईंकडे वळून हळूच, "ती बाथरूमला गेली की फ्रेम उलटी करायची. तिला सवय नाही." जयेशभाईंनी मान हलवली आणि दोन्ही हात पाठीशी बांधले.

त्यांची स्वतःची फ्रेम आता घरी कपाटात आहे, काच कपाटाच्या पाठीकडे करून. मागच्या रविवारी मामा आणि मामी आमच्याकडे जेवायला आले. इतक्या वर्षांत दुकानाबाहेर मामांना मी बगलेत काही नसताना पहिल्यांदाच पाहिलं. डावा हात शरीरापासून थोडा लांब, वाकलेला, चौकटीएवढी जागा सोडून. जेवताना सगळं नेहमीसारखं. राज्यात काय नवं येऊ घातलंय ते त्यांनी सांगितलं. आता ते स्वतः वाचत नाहीत, मामी वाचून दाखवतात. "आणि तेसुद्धा दोनदा," मामी म्हणाल्या. निघताना मामा दाराशी थांबले, खुर्च्यांकडे, टेबलाकडे पाहिलं. काहीतरी घ्यायचं राहिलं असल्यासारखे. मग आठवलं असावं.

मी स्वयंपाकघरात गेले, उरलेल्या पुरणपोळ्या एका मोठ्या चपट्या डब्यात भरल्या आणि तो डबा त्यांच्या त्या वाकलेल्या हाताखाली सरकवला. हात लगेच मिटला.

"तुपाच्या आहेत," मी म्हटलं. "आडवा धरा, नाहीतर गळेल."

"आडवा?" मामा म्हणाले. "मला उभा धरायची सवय आहे गं." आणि काच असल्यासारखा तो डबा सांभाळत जिना उतरायला लागले.