चैतूभाऊ तळ्याकाठी काय म्हणाला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको असेपर्यंत तिलाही नाही. चीनची गोष्ट मात्र किती वेळा सांगितली असेल — शाळेत, लग्नाच्या मांडवात, मूलच्या बसस्टँडवर गाडीची वाट बघत. हांगचौ शहराच्या कडेचं ते मोठं तळं, तीन बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला शहर, पाण्यावर झुकलेली हिरवी झाडं... लोक तोंड उघडं ठेवून ऐकायचे. पण दर वेळी मी काठावर आलो की थांबायचो, आणि तिथून थेट नावेत बसून तळ्याच्या मध्यावर जायचो. मधला तुकडा सांगायचोच नाही. जेमतेम पाच मिनिटांचा असेल तो. तेवढाच आज सांगतो.

तेव्हा आमच्या जिल्ह्याला चांदाच म्हणत आणि गडचिरोली ही त्यातली तहसील. मी मूलचा. धानाच्या मुलखातला, बांध्या आणि तलाव बघत वाढलेला. नोकरी लागली ती धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावी, एकशिक्षकी शाळेवर. गाव पुरं गोंडांचं. तीन वर्षांत मला बाजारापुरती गोंडी आली होती. भाव विचारण्यापुरती, पोरं का आली नाहीत हे विचारण्यापुरती. त्यापलीकडे — नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी याचाच आडोसा घेणार आहे. मनातल्या मनात इतकी वर्षं घेतलाच आहे.

चैतू पोटावी त्या गावचा. पन्नाशीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. ढोल असा वाजवायचा की आसपासच्या दहा गावांत त्याला बोलावणं असे. एका जत्रेत साहेबलोकांनी ते ऐकलं. पुढं प्रांतातून बारा जणांचं मंडळ चीनला पाठवायचं ठरलं — ते दिवस दोन्ही देशांच्या दोस्तीचे होते — तेव्हा त्यात एक आदिवासी वादक हवा, आणि त्याच्यासोबत त्याची भाषा जाणणारा कुणी हवा, असं निघालं. मी हात वर केला. मला गोंडी उत्तम येते, असं लिहूनही दिलं.

चैतू नको म्हणत होता. आठ महिन्यांपूर्वी, भर पावसाळ्यात, त्याचा एकुलता एक मुलगा कठाणी नदीच्या पुरात गेला होता. डोंगा उलटला. दोन दिवसांनी सापडला. मी त्या दिवशी शाळा बंद ठेवली होती, आणि मातीलाही गेलो होतो. तेव्हापासून चैतू नदी ओलांडायची वेळ आली की मैलभर वळसा घालून पुलावरून जायचा. हे मला ठाऊक होतं का? होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरीही मी तीन संध्याकाळी त्याच्या अंगणात जाऊन बसलो. तो गेला नाही तर मलाही जाता येणार नव्हतं ना! शेवटी त्यानं विचारलं, "मोहफूल कोन वेचीन, मास्तर? जैनी एकटीच हाये." जैनी म्हणजे त्याची बायको. मी म्हटलं, शाळेची पोरं वेचतील. तो तयार झाला.

कलकत्त्याहून विमानानं गेलो, मग आगगाड्या. जाईल तिथं सभा, फुलं, चहा. आमच्याबरोबर लिन नावाची दुभाषी मुलगी होती. विशी-बाविशीची, दोन वेण्या, हिंदी शिकलेली. चैतू गोंडीत बोलायचा, मी ते हिंदीत सांगायचो, ती त्यांच्या भाषेत. पहिल्याच सभेत चैतू दहा-बारा वाक्यं बोलला आणि मला त्यातली चारच कळली. काय करणार? मी बाकीची रचली. रान, मोर, पहाड, दोस्तीचा ताल — असं काहीबाही. टाळ्या पडल्या. मंडळाचे प्रमुख पाठीवर थाप मारून म्हणाले, "मास्तर, काय सुंदर सांगता हो!" मग मी रोजच रचू लागलो. कुणाला कळणार होतं? चैतूला हिंदी येत नव्हती. तो माझ्याकडे बघून मान हलवायचा. आपलं बोलणं हा पोचवतो आहे, म्हणून.

आता ते तळं.

सकाळची वेळ होती. पाण्यावर हलकं धुकं आणि गार वारा. मी जन्मभर तलाव पाहिलेला माणूस, पण असं पाणी मी पाहिलं नव्हतं. आमचा तलाव शेतासाठी, गुरांसाठी, आंघोळीसाठी असतो. हे नुसतं बघण्यासाठी होतं. पलीकडच्या टेकडीवर एक मनोरा, मधोमध लांबच लांब बांध, बांधावर गुलाबी फुलांची झाडं. मी वेड्यासारखा बघत राहिलो. मंडळातले बाकीचे दोन नावांत बसून पुढं गेले. तिसरी नाव आमच्यासाठी होती — मी, चैतू, लिन, एक फोटो काढणारा, आणि मागं वल्हं धरून उभी असलेली एक बाई.

चैतू काठावर थांबला. पाऊल पुढं टाकीना. एका हातात ढोल, दुसरा हात माझ्या दंडावर. आणि तो बोलू लागला. मराठीत नाही — घाबरला की त्याची तुटकी मराठी कुठल्या कुठं जायची — गोंडीत, भराभर, हलक्या आवाजात.

मला कळलं नाही, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. बाजारापुरती गोंडी, मला काय कळणार? पण तीन शब्द मला चांगले कळले होते. एर, म्हणजे पाणी. मर्री, म्हणजे मुलगा. आणि हिल्ले — नाही. हिल्ले, हिल्ले, हिल्ले. हे कळायला आणखी किती गोंडी लागते?

लिननं विचारलं, "बाबा क्या कह रहे हैं, मास्टरजी?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. यांचा मुलगा बुडून गेला, हे नावेत बसणार नाहीत. ती मुलगी लगेच म्हणाली असती, बरं, बसू नका. पण मग? मग चैतू काठावर राहिला असता, आणि त्याची भाषा जाणणारा म्हणून मलाही त्याच्याजवळ बसून राहावं लागलं असतं. बाकीचे तळं फिरून येईपर्यंत, बाकावर.

आणि मला ते तळं मध्यावरून बघायचं होतं.

एवढंच. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. सापडलं नाही.

मी म्हटलं, "कह रहे हैं, इतना सुंदर पानी जिंदगी में नहीं देखा।"

लिन हसली, मग थबकली. "लेकिन सिर तो हिला रहे हैं। मना कर रहे हैं?"

इथंही अजून वेळ गेलेली नव्हती. मी काय म्हणालो ते जसंच्या तसं सांगतो. "हमारे यहाँ रिवाज है। मेहमान पहले मना करता है। हाथ पकड़कर बिठाना पड़ता है।"

त्या मुलीनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? तिनं वाकून नमस्कार केला, चैतूचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, फोटोवाल्यानं दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि दोघांनी त्याला मोठ्या मानानं, हसत हसत नावेत उतरवलं. तो माझ्याकडे बघत होता. मी नजर पाण्यावर ठेवली.

नाव निघाली. चैतूनं माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. त्याची बोटं मला अजून आठवतात — ढोलावर पडून पडून घट्टे पडलेली. मला हात हलवता येईना. तो डोळे मिटून होता आणि मी तळं बघत होतो. तुम्हाला खोटं वाटेल, पण मी खरोखरच बघत होतो. पाण्यात उतरलेले डोंगर, धुक्यातून पुढं येणारा बांध. मग हळूहळू ते दिसेनासं झालं. चहूकडे पाणी, मनगटावर ती पकड, समोर ती मुलगी. तिला आता सांगावं तर मघाशी काय बोललात म्हणून विचारणार. परत फिरवा म्हणावं तर कारण द्यावं लागणार. उठून जायला जागा नाही. काठ इतका लांब, की माणसं मुंग्यांएवढी. तेव्हा जो अडकलो, तो अडकलोच.

लिननं विचारलं, "बाबा को ठंड लग रही है?" मी हो म्हटलं. तिनं आपला कापूस भरलेला निळा कोट काढून त्याच्या खांद्यांवर घातला आणि स्वतः कुडकुडत बसली.

मध्यावर तिन्ही नावा एकत्र आल्या. प्रमुखांनी हाक मारली, "मास्तर, होऊन जाऊ द्या एक ताल! फोटो घेतायत!" मी चैतूला गोंडीत म्हटलं, वाजव. तेवढा शब्द मला येत होता. त्यानं डोळे उघडले. माझं मनगट सोडलं. ढोल मांडीवर घेतला.

आणि त्यानं मातीचा ताल वाजवला. माणूस गेल्यावर त्याला नेताना वाजवतात तो. धीमा, दोन ठोके आणि एक रिकामी जागा, दोन ठोके आणि एक रिकामी जागा. त्याच्या मुलाला नेताना मी तो ऐकला होता. तेव्हा दुसरेच कुणीतरी वाजवत होते, आणि चैतू नुसता मागून चालत होता. त्या पाण्यावर तो आवाज लांबवर जाऊन टेकड्यांवरून परत येत होता. संपल्यावर लिननं हळूच विचारलं, "यह कौन सा ताल है?"

मी म्हणालो, "स्वागत का।"

तिन्ही नावांतून टाळ्या झाल्या. आणखी एकदा वाजवा म्हणाले. त्यानं आणखी एकदा वाजवला.

हे इथं संपलं असतं तर कदाचित मी केव्हाच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो. पण गावी परतल्यावर, आठेक दिवसांनी, चैतू शाळेत आला. पोरं घरी गेली होती. तो ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, त्या तलावापाशी तू सांगतलं ना त्याइले? माहा पोरगा पान्यात गेला म्हून?"

त्याला वाटत होतं, मी सांगितलं. त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नव्हतं.

मी म्हटलं, "सांगितलं, चैतूभाऊ."

"मंग?"

"त्यांनी ऐकलं नाही."

"त्या पोरीनंबी नाई? तिनं तं मले आपला कोट देल्ला. थंडीत बसली ते."

बघा — त्या सगळ्या प्रवासातून त्यानं एवढीच एक गोष्ट सोबत आणली होती. मी तिच्याबद्दल दोन शब्द बरे बोललो असतो तरी चाललं असतं. पण ती चांगली ठरली, तर ऐकलं कुणी नाही? प्रश्न पुन्हा माझ्याकडेच येणार. मी म्हणालो, "तिला सगळं सांगितलं होतं, भाऊ. तीच म्हणाली, धरून बसवा."

चैतूनं मान खाली घातली. "असं हाये का," म्हणाला. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू सांगतलं तं. तुयाकडून झालं तेवढं तू केलं."

मग ते गावभर झालं. मास्तर परक्या मुलखात चैतूसाठी भांडला. बायका मला वाट द्यायला लागल्या. दर उन्हाळ्यात चैतू चारोळीचा द्रोण शाळेच्या उंबऱ्यावर ठेवून जायचा, आणि मी ती चारोळी खायचो. मी बदलीचा अर्ज केला, वरोऱ्याकडे द्या म्हणून. गावातली आठ-दहा माणसं पायी गडचिरोलीला गेली आणि साहेबाला म्हणाली, हा मास्तर नेऊ नका. साहेबानं मोठ्या कौतुकानं माझा अर्ज परत केला. आणखी सहा वर्षं मी तिथं होतो. रोज सकाळी शाळेचं दार उघडलं की समोर चैतूचं घर. तो मला बघून हात वर करायचा. मीही करायचो. त्या सहा वर्षांत मला गोंडी चांगली आली. तळ्याकाठी तो काय काय म्हणाला असेल, ते मी आता शब्दाशब्दानं जुळवू शकत होतो, आणि रस्त्यानं चालताना जुळवत असे. त्याला सांगायचं तर त्याच्याच भाषेत सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

तो गेला तेव्हा शेतकामाचे दिवस होते. ताप आला आणि चार दिवसांत संपलं. मी गेलो आणि मागं, कुंपणापाशी उभा राहिलो. पुढं त्याचे भाऊ, पुतणे. जैनी त्याच्या उशाशी बसली होती. मग तिची नजर माझ्यावर पडली. ती उठली, माणसांतून वाट काढत आली आणि माझा हात धरून मला पुढं घेऊन गेली, आणि त्याच्या थोरल्या भावाला गोंडीत म्हणाली — मला आता सगळं कळत होतं — "सरक. हा याच्यासाठी बोलला होता. हा घरच्यांत उभा राहील."

भाऊ सरकला. मी तिथं उभा राहिलो.