तोरणाची तार

सोपान गेल्याची बातमी मला कुणी आणून दिली नाही. भिंतीपलीकडून त्याची हाक आली, "सोडा ओ आण्णा!" आणि मी डायनामोचा खटका ओढला. पाठोपाठ ऐकू आली ती त्याच्या बायकोची, भागाबाईंची किंकाळी... खंडेनवमी होती. आता दिवाळीही होऊन गेली. परभणीच्या आमच्या जिनात कापसाच्या गाड्या यायलात, आणि सोपानच्या जागी पूर्णेहून नवा फिटर आलाय.

सोपान पोखर्णीचा. टायरच्या तळाच्या जाड वहाणा घालायचा. दारात यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा. शेठजींनी हैदराबादहून चाकांवरचा कंप्रेसर आणला, तेव्हा सगळ्यांत जास्त हरखला तो. यंत्रांच्या फटीत अडकलेली रुई त्याच्या हवेच्या झोतानं उडवायची, म्हणून सोपाननं त्याचं नाव फुंकणी ठेवलं. विजेचं काम माझ्याकडं. फुंकणीच्या लोखंडी अंगाला मी तांब्याची उघडी तार बांधली होती, ती जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत नेली होती. यंत्राच्या अंगात वीज उतरलीच, तर ती माणसातून न जाता तारेतून जमिनीत जावी, एवढंच तिचं काम. ती जोडलेली पाहिल्याशिवाय मी वीज सोडत नसे. सोपान चिडवायचा,

"आण्णा, ही तार करती तरी काय? नुसती पडून ऱ्हाती, आमच्या मेव्हण्यावानी!"

"ती पडून हाय म्हणून तू उभा हाईस."

"आसं व्हय? मंग तिला बी जेवू घालावं लागतंय!"

पत्रा पुरलेली जागा उन्हाळ्यात ओली ठेवावी लागते, हे त्याला मीच सांगितलं होतं. तेव्हापासून दुपारी जेवण झालं की तांब्यात उरलेलं पाणी तो तिथं ओतायचा. "जेवा मेव्हणे," म्हणायचा, आणि स्वतःच लय हसायचा.

खंडेनवमीला आम्ही यंत्रं चालवत नाही. धुऊन, हळदकुंकू लावून नारळ फोडायचा आणि शेवटी शकुनापुरतं एकेक यंत्र क्षणभर फिरवायचं. त्या सकाळी फाटकाचं तोरण सुतळीला पेलेना. झेंडू ओले, जड. दोनदा तुटून पडलं. शेठजी यायची वेळ झालेली. मी फुंकणीची तार सोडून आणली आणि तिच्यावर झेंडू ओवले. सोपान खाली उभा राहून म्हणाला, "वा आण्णा! आसं तोरण नांदेडात बी नसंल."

फुंकणीला कोण फिरवतंय, असं मला वाटलं होतं... नाही, हे खोटं आहे. वाटलं काहीच नाही. तोरणाच्या कौतुकात मी विसरलो.

पूजेला आलेल्या भागाबाईंनी तांब्या-तांब्यानं फुंकणी धुतली. पाणी आत मोटारीपर्यंत गेलं. पूजा म्हणून सोपान अनवाणी, वहाणा दाराबाहेर. ओल्या फरशीवर उभं राहून त्यानं दांड्याला हात घातला आणि मला हाक दिली. तार जागेवर असती तर फ्यूज उडाला असता, आणि सोपान मला शिव्या देत आला असता.

पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब चौकशीला आले. त्यांनी विचारलं, "पानी किसने डाला?" सगळ्यांनी भागाबाईंकडं पाहिलं. मीही पाहिलं. 'इत्तेफाकी मौत', म्हणजे अपघाती मृत्यू, असं लिहून ते गेले. दसऱ्याच्या दिवशी तोरण उतरवून तार मी पुन्हा यंत्राला जोडली. कुणी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी कुणाला काय कळणार होतं?

तेव्हापासून पोखर्णीत भागाबाईंच्या हातचं पाणी कुणी घेत नाही. सासू येईल-जाईल त्याला सांगते, "हिनंच मशिनीला न्हाऊ घालून मारलं माझ्या लेकाला." हे कानावर आलं आणि गेल्या आठवड्यात मी तिथं गेलो. दोघींसमोर सगळं सांगितलं. भागाबाई म्हणाल्या,

"तार आसती तर वाचले आसते?"

"हो, वैनी."

"मंग अमीनसाहेब इचारायलते तवा तुमी माझ्याकडं का बघितलं?"

तेवढ्यात म्हातारीनं माझ्यापुढं हात जोडले. "आण्णा, तुमी भले मानूस. हिच्यासाठी कशाला पाप अंगावर घेता? तार तर जाग्यावरच हाय, समद्यायनं बघितली." मी शपथ घेतली, तशी ती रडायलाच लागली, तिला माझी दया आली होती. भागाबाई उठून आत गेल्या. त्यांनी मला पाणी विचारलं नाही. आपल्या हातचं कुणी घेणार नाही, हे आता त्यांनीही गृहीत धरलंय.

म्हणून हे इथं लिहितोय. पण पोखर्णीच्या त्या गल्लीत हे वाचणार कोण, आणि वाचलं तरी पटणार कुणाला...

तार यंत्राला आहे. तिच्या पिळात झेंडूच्या देठांचा काळा डाग राहिलाय, तो निघत नाही. दुपारी जेवण झालं की तांब्यातलं उरलेलं पाणी मी त्या जागेवर ओततो. काळी माती ते लगेच पिऊन टाकते. सोपान म्हणायचा ते दोन शब्द ओठांपर्यंत येतात. नवा फिटर तांब्या परत मागतो, मी तो त्याच्या हातात देतो.