चौकशीवहिनींची डिस्क

घरात, गल्लीत, अगदी धाग्यांच्या दुकानातसुद्धा त्यांना सगळे चौकशीवहिनी म्हणत. रीळ हातात घेतलं की आधी प्रश्न, "हा रंग धुतल्यावर का जातो हो?" दुकानदार कपाळाला हात लावायचा, "वहिनी, रीळ न्यायचंय की माझी परीक्षा घ्यायचीय?" वहिनी दोन्ही उरकूनच घरी यायच्या.

मागच्या खोलीत खिडकीशी त्यांचं भरतकामाचं मशीन आणि शेजारी जुना कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन ती कापडावर उतरवायचं. त्या नक्ष्यांत एक वेल सासूबाईंची होती. नजर धड होती तेव्हा त्यांनी ती पेन्सिलीने काढली होती. वहिनींनी ती कॉम्प्युटरवर गिरवून घेतली, आणि मूळ कागद पुढे घड्यांवर विरून गेला. आता सासूबाईंना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. आणि नेमकी त्या वेलीचीच फाइल उघडेना.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारे भाऊजी येऊन बघून गेले. यजमानांचे मित्र, काम करताना ओठांत कायम एक स्क्रू, म्हणून घरात त्यांचं नाव स्क्रूभाऊजी.

"डिस्कवर काही जागा खराब झाल्यात. तपासणारा प्रोग्राम आहे, पण तो सगळं चालू असताना चालत नाही. उद्या सुरू कराल तेव्हा, बाकीचं जागं व्हायच्या आत, आपोआप चालेल. नेमून ठेवलंय."

"चालू असताना का नाही चालत?"

"पंगत बसलेली असताना खालची सतरंजी झटकता येते का?"

वहिनींना पटलं.

पण सकाळी तपासणी झालीच नाही. कॉम्प्युटर काही घडलंच नाही अशा थाटात सरळ सुरू झाला. पुढच्या सकाळीही तेच. भाऊजींनी फोनवरून वहिनींना शिकवून तपासणी परत परत नेमायला लावली, तरी तेच.

"सुरू होताना चुकून एखादं बटण दाबता का?"

"मी? अहो, मी तर हात जोडून, डोळे मिटून बसलेली असते!"

हे अगदी खरं होतं. कॉम्प्युटर जागा होईपर्यंत देवाचं नाव घ्यायचं आणि मगच कामाला हात लावायचा, ही वहिनींची रीत.

"मग आता देवालाच विचारा," भाऊजी वैतागले. "उद्या दुपारी येऊन डिस्क बदलतो. वेल वाचेलच असं मात्र सांगत नाही."

पलीकडच्या कॉटवर सासूबाईंनी फोनच्या स्पीकरवरचं सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे गं. वेल होती, वाळली," एवढं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. वहिनींना त्या दिवशी घास गोड लागला नाही.

सकाळी त्यांनी बटण दाबलं, हात जोडले आणि पुटपुटल्या, "देवा, आज डोळे उघडे ठेवते. रागावू नकोस, तूच दिलेत."

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. तपासणी टाळायची असल्यास दहा सेकंदांत कोणतंही बटण दाबा. वहिनी वाकून पुढे वाचणार, तोच खाली ओळ आली, तपासणी रद्द.

"अगंबाई! दाबलं कुणी?"

स्वतःचे हात त्यांनी पाहिले. जोडलेले. खोलीत दुसरं कुणी नाही, सासूबाई कॉटवर. आता 'का' डोक्यात घुसला, आणि एकदा घुसला की वहिनींच्या डोक्यातून तो सहजी निघत नसे. त्यांची नजर कीबोर्डवर गेली. कीबोर्ड दिसतच नव्हता. त्यावर झाकण होतं, वहिनींनीच शिवलेलं. डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा त्यांना वाटलं धूळ गेली असेल, म्हणून जाड कापड, कडेने घट्ट इलॅस्टिक, आणि वर शोभेला आत भर घालून उठवलेलं टपोरं फूल. सकाळी देवाचं नाव घेऊन झाल्यावरच ते निघायचं. भाऊजी यायचे तेव्हा मात्र आधीच काढून घडी घातलेलं असायचं.

वहिनींनी झाकण उचललं. फुलाखाली दबलेलं लांब बटण टक् करून वर आलं.

"काय गं मोडलं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोडलं नाही आई, सुटलं!"

तपासणी पुन्हा नेमली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. या वेळी आकडे एकेक करत शून्यापर्यंत उतरले आणि तपासणी चालू झाली. वहिनी भाजी निवडायला तिथेच घेऊन बसल्या. टक्के गोगलगायीच्या चालीने सरकत होते. मध्येच फोन लावला.

"भाऊजी, डिस्क बदलायला नको, चहाला या. झाकणाचा घोटाळा होता."

"कसलं झाकण?"

"तुम्ही येणार म्हटलं की काढून ठेवते ते."

पलीकडून जोराचा ठसका ऐकू आला.

"भाऊजी, स्क्रू गिळला नाहीत ना?"

दुपारी वेल उघडली. वळणं, कळ्या, फुलं सगळं जागेवर. फक्त शेंड्याचं एक पान नव्हतं. तिथली जागा डिस्कने गिळली होती. वहिनींनी ते सासूबाईंपासून लपवलं नाही.

सासूबाई उठून बसल्या. "हात दे इकडे."

वहिनींच्या तळहातावर त्यांनी बोटाने पान काढलं. देठापासून सरळ वर, आणि टोकाशी एकदम खाली मुरडलेलं. वहिनींनी दुसऱ्या हाताने माउस धरला आणि मागोमाग रेघ ओढली.

"आई, पण हे शेवटी खालीच का वळतं?"

"चौकशा नंतर कर," सासूबाई म्हणाल्या. "आधी काढ. माझं बोट उचललेलं नाही अजून."