चौदा नंबरचा स्फोट

किस्से जमवावे लागत नाहीत. आमच्या परळच्या ऑफिसात दिवसातून पंचवीस-तीस वेळा एक अख्खी चाळ पडते. ढिगारा कॉम्प्युटर साफ करतो, किस्से तेवढे मागे राहतात.

चाळ अर्थात गेममधली. त्यातल्या माणसांचे संवाद मी लिहितो. तेजस आणि वैशाली टेस्टर. कधी अख्ख्या चाळीत, कधी एकेका खोलीत बॉम्ब लावायचा आणि काय फुटलं, काय नाही, ते रिपोर्टमध्ये लिहायचं. केदार आमचा बॉस.

चाळीतली चौदा नंबरची खोली माझ्या फणसवाडीच्या घराच्या फोटोंवरून बनवलीय. ओट्यावर सुधाचा निळा कपसुद्धा आहे. फोटो काढले तेव्हा सुधा, माझी बायको, हयात होती.

"चौदा नंबर शेवटी घेऊ या, काका," केदार म्हणाला.

"कधीही घे रे. काम आहे."

* * *

पहिल्याच स्फोटात चाळ जमीनदोस्त! फक्त दुसऱ्या मजल्यावरचं पाण्याचं पिंप हवेत जसंच्या तसं उभं. केदारने डोक्याला हात लावला.

तेजस लालबागच्या चाळीत वाढलेला. शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे, सर. पाणी यायची वेळ झाली असेल. पिंप जागा सोडत नाही!"

* * *

वैशाली वरळी कोळीवाड्यातली. तिची आई एकदा विसरलेला डबा द्यायला आली, नेमका तेव्हा गेममधल्या मासळीबाजाराचा स्फोट चालू होता. टोपल्या उडाल्या, पापलेटं हवेत गेली. आई स्क्रीनसमोर थिजून उभी. आम्हाला वाटलं, घाबरली.

"मेल्यांनो, पापलेट कधी असं लुळं पडतं काय? तो बोंबील!"

दुसऱ्या दिवशी सगळी पापलेटं ताठ. रिपोर्टमध्ये तक्रार करणाऱ्याचं नाव होतं : 'आई'.

* * *

मग आर्टिस्टने हौसेने चाळीच्या अंगणात गणपती बसवला. तेजसने माउस सोडून दिला.

"मूर्ती आत असताना मी बॉम्ब लावणार नाही."

"अरे, ते नुसतं चित्र आहे!" केदार ओरडला.

"मग तुम्ही लावा."

केदारने पाच मिनिटं माउस हातात धरला. नंतर खाली ठेवून म्हणाला, "कुणीतरी आधी मूर्ती बाहेर काढा रे!"

तेव्हापासून तोच नियम. गेममधला माणूस मूर्ती उचलतो, गेटबाहेर नेऊन ठेवतो, मग चाळ पडते. डेडलाइन कितीही जवळ असो.

* * *

चौदा नंबरची पाळी बुधवारी आली. मी वैशालीच्या स्क्रीनकडे पाठ करून माझे संवाद तपासत बसलो होतो. वैशाली एरवी मिनिटभरात खोली उडवते. त्या दिवशी बराच वेळ काही झालं नाही. तिच्या स्पीकरमधून नुसता जिन्यावरच्या चपलांचा आवाज येत होता. कुणीतरी सावकाश उतरत होतं.

मग धडाम्!

जेवायच्या सुट्टीआधी केदारने रिपोर्ट मोठ्याने वाचला. "चौदा नंबर. ओटा फुटला. मांडणी फुटली. खिडकी फुटली. आणि कप? त्याचं काहीच लिहिलं नाहीस."

वैशाली डब्याचं झाकण काढत होती. वर न बघता म्हणाली, "स्फोट झाला तेव्हा तो घरात नव्हता, सर."