सरुबाईला बाहेरचं गेट हवं होतं
खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत सरुबाई बायकांच्या पर्सा तपासायला उभी असायची. लातूरकडची बाई. नवरा गेल्यावर एकटीनं पुण्यात पाय रोवलेली. कुणी "ए मावशे" म्हणून हाक मारली, तर "नाव बिल्ल्यावर लिवलंय, वाचा" असं तोंडावर सांगणारी.

सिक्युरिटीत बाई आली की तिला आत ठेवायचं आणि गेटवर गडी, अशी तिथली रीत. बाईमाणसाला ऊन नको, आत कसं गार. ही सोय कुठल्या बाईनं मागितली होती, ते विचारू नका. एसीचा झोत नेमका सरुबाईच्या डोक्यावर यायचा. आधी बोटांची टोकं जांभळी पडायला लागली, मग जिना चढताना धाप. वस्तीतल्या बायकांनी निकाल देऊन टाकला, अंगात रक्त नाही, बीट खा. सरुबाईनं बीट किसून खाल्लं, उकडून खाल्लं, भाकरीबरोबर खाल्लं. पुढे लघवी लाल व्हायला लागली, तेव्हा तो दोषही बिटाच्याच माथी गेला. डोळे पिवळे पडले तेव्हा मात्र ती रजा टाकून सदाशिव पेठेत डॉक्टर नीरजांसमोर जाऊन बसली.

"बीट कोणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच."

"असं का. सगळ्यांचे दवाखाने कुठे आहेत?"

सरुबाईच्या कपाळाची शीर तडतडली. पण ती उठून गेली नाही.

डॉक्टरांनी रक्त काढून नळी बर्फाच्या पाण्यात ठेवली. थोड्या वेळानं आतलं रक्त फाटलेल्या दुधासारखं रवाळ दिसायला लागलं. मग त्यांनी नळी कोमट पाण्यात धरली, तर पुन्हा एकसारखं.

"तुमच्या बोटांत न् कानांत हेच चाललंय," डॉक्टर म्हणाल्या. "जंतूंना धरायला शरीर अँटिबॉडी तयार करतं. तुमच्यातली एक अँटिबॉडी स्वतःच्याच तांबड्या पेशींना धरते, तेही गारठ्यात. बोटांतलं रक्त गार झालं की ती पेशींना चिकटते, त्यांचे गठ्ठे करते. रक्त परत उबेत आलं की सुटते. पण तोवर पेशीवर दुसऱ्या एका प्रथिनाचा शिक्का बसलेला असतो. असली शिक्केवाली पेशी दिसली की यकृत तिला पकडून संपवतं. काही पेशी रक्तातच फुटतात. लघवीत उतरतो तो त्यांचा रंग. बिटावर उगाच आळ."

"म्हंजे घरचंच माणूस मारतंय म्हणा."

"म्हणा. औषध सुरू करू. पण त्या झोताखाली पुन्हा उभं राहायचं नाही."

सुपरवायझर सुदर्शन तिच्याच तालुक्यातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मायेनं सांगितलं, "मावशी, मग घरी ऱ्हावा की. जिवापरीस नोकरी मोठी हाय का?"

"घरी बसल्यावर औषधं तू आणून देनार का?"

"मग काय करू? स्वेटर युनिफॉर्मात बसत न्हाई."

"बाहेरचं गेट दे मला."

मे महिना होता. त्या गेटवर दुपारी उभं राहायचं म्हटलं की धडधाकट गड्यांची पोटं दुखायची.

"बाई गेटवर बरी दिसत न्हाई, मावशी. साहेब मला बोलतील."

"बरी दिसायला न्हाई, गाड्या अडवायला उभी ऱ्हानार हाय मी."

दुसऱ्या दिवशी सरुबाई आत गेलीच नाही. गेटवरच्या गड्याला तिनं सावलीत धाडलं आणि स्वतः उन्हात उभी राहिली. सुदर्शन धावत आला, गैरहजेरी लावतो म्हणाला. "लाव," ती म्हणाली आणि समोर आलेली गाडी अडवली. काचेवर स्टिकर नव्हतं. आत ऑफिसचे मोठे साहेबच.

"तुम्ही आत असता ना?" साहेबांनी विचारलं.

"आत माझं रक्त फुटतंय, साहेब. हितं न्हाई फुटत. डॉक्टरनं सांगितलंय. स्टिकर कुठंय?"

साहेबांनी डॅशबोर्ड उलथापालथा करून स्टिकर काढलं. उघड्या काचेतून झळ आत येत होती. त्यांनी घाम पुसत सुदर्शनकडं पाहिलं. "या उन्हात उभं राहायला कुणी आपणहून तयार आहे, आणि तुमची तक्रार आहे?"

सुदर्शननं हजेरी लावली. पण जाता जाता म्हणालाच, "आन् डिसेंबरात? तवा तर बाहेरबी गारठा असतोय."

"तवा तो झोत बंद करून मला आत घेशील."

"न्हाई घेतलं तर?"

"डिसेंबर लांब हाय," सरुबाई पुढच्या गाडीला हात दाखवत म्हणाली. "तोवर अंगात रक्त भरून घेते. मग भांडू."