पायाच्या अंगठ्याचं इंग्रजी

आमच्या घराण्यात कुणालाही फेफरं येत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुणतांब्यातल्या निम्म्या गावाला ते अजून पटलेलं नाही.

दुष्काळाचे दिवस. कोल्हारला आमच्या विहिरीत बादली बुडत नव्हती, आणि अशात धाकट्या बहिणीला, विमलला, पुणतांब्याचं स्थळ सांगून आलं. मुलगा तालुक्याच्या कचेरीत कारकून. अट एकच : मुलीला इंग्रजी बोलता आलं पाहिजे! (कशाला? गोदावरीवर धुणं धुताना कुणाशी बोलायचं होतं?) पण विमलनं त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती रोज भाकरी करपवत होती. तेव्हा हे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं.

तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मी मॅट्रिकला इंग्रजीत पास होतो. (दुसऱ्या खेपेला.) तेवढ्यावर आमचे वडील, आबा, मला चारचौघांत 'आमचा साहेब' म्हणायचे, आणि मी निर्लज्जासारखी मान डोलवायचो.

विमलला सगळं जमलं, फक्त 'इज' आणि 'आर' जमेना.

"एक असला की इज, जास्त असले की आर. त्यात काय अवघड आहे?"

"आबा तर एकलेच हायेत. तरी आपन 'आबा आले'च म्हनतो ना? 'आबा आला' म्हनून बघ, थोबाड फुटंल! मग त्यांना इज कसं म्हनू?"

शेवटी साहेबानं युक्ती काढली! पाहुण्यांसमोर मुलीनं मान वर करायची नसते. तिला दिसणार फक्त पाय. मी समोर बसायचं. माझा उजवा अंगठा हलला की इज, डावा हलला की आर. तालीम आम्ही ओट्यावर शेजारी शेजारी बसून केली. एक चूक नाही!

पाहुणे आले. सतरंजीवर मुलगा, शेजारी त्याचे चुलते आप्पा आणि आणखी दोघे. मुलगा खाकरला. "घरच्या मंडळींबद्दल इंग्रजीत सांगा."

मी उजवा अंगठा हलवला. पण समोर बसलेल्या विमलला तो डावीकडे दिसला!

"माय फादर आर फार्मर."

मी अंगठा जोरात हलवला.

"माय ब्रदर आर मॅट्रिक!"

"व्हेरी गुड," मुलगा म्हणाला. (आणि हे महाशय इंग्रजीची परीक्षा घ्यायला आले होते!) तिथंच थांबलो असतो तर निभावलं असतं. पण माझ्यातला मास्तर पेटला होता. ती बैलांवर आली तेव्हा मी डावा पाय असा झाडला की चहाची कपबशी थेट आप्पांच्या धोतरावर गेली.

"आरं, पोराला फेफरं आलं! कांदा आना! वहान हुंगवा!"

दोघांनी मला आडवं पाडून माझे पाय दाबले. आप्पांनी स्वतःची वहाण माझ्या नाकाला लावली. (ती आमच्या गोठ्यावरून आली होती.)

"अहो, मला काही—"

"बोलू नगं! दातखीळ बसंल!"

मग आप्पा आबांकडे वळले. "पाव्हनं, ह्ये रक्तातच हाय व्हय? आदी सांगाया पायजे हुतं. उठा रं समदे."

आबांचा चेहरा उतरला. मी गप्प राहिलो तर आजारापायी लग्न मोडणार, खरं सांगितलं तर लबाडीपायी. तेव्हा आमच्या साहेबानं परीक्षेत जे केलं होतं तेच केलं. डोळे मिटून पडून राहिला.

मान वर केली ती विमलनं.

"थांबा, आप्पा! दादाला काय बी झालं न्हाई. त्यो मला पायानं इंग्रजी सांगत हुता. मला येत न्हाई. आन् त्याला बी लई येतंय असं न्हाई."

पहिल्यांदा हसला तो मुलगा. आप्पांनी वहाण खाली ठेवली आणि मला नीट निरखून पाहिलं.

"म्हंजी रोग न्हाई? नुसता येडा हाय?"

"व्हय," विमल म्हणाली. क्षणभरही विचार न करता!

"मग बसा रं समदे! भाऊ येडा आसला म्हनून बहीन येडी नसती. पोरगी खरं बोलती, आपल्याला पसंत हाय."

लग्न झालं, संसार झाला. अजूनही पुणतांब्याला गेलो आणि घरातलं एखादं पोर इंग्रजीचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर बसलं, की विमल आतून धावत येते आणि आधी माझ्या पायांवर गोधडी टाकते. भर उन्हाळ्यातसुद्धा!